विजेवरचं विमान: कुठे जमतं, कुठे अडतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात दुचाकींच्या बॅटरी पॅकवर काम करतो आणि रविवारी थर्माकोलची रिमोटची विमानं उडवतो. त्यामुळे लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, कुठेही गेलो तरी विजेवरच्या विमानाचा विषय माझ्याकडेच येतो. तेच ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतो आहे.

माणूस बसवून विजेवरचं विमान खरंच उडतं का? की सगळी कॉम्प्युटरवरची चित्रं?

उडतं, आणि रीतसर प्रमाणपत्र घेऊन उडतं. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला जून 2020 मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने टाइप सर्टिफिकेट दिलं. पूर्ण विजेवरच्या विमानाला असं प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिली वेळ. युरोपातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकाऊ पायलट ते रोज उडवतात.

त्याचं वजनाचं गणित बघण्यासारखं आहे. जास्तीत जास्त 600 किलो वजन घेऊन ते उडू शकतं. त्यातले 428 किलो रिकाम्या विमानाचे, बॅटऱ्या धरून. उरले 172. म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी प्रत्येकी 86 किलोचे असले की संपलं, दप्तर घरीच ठेवायचं. एक बॅटरी नाकात, दुसरी आसनांच्या मागे, आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे फार तर 50 मिनिटं उड्डाण, राखीव वेळ वेगळा.

कल्पना मात्र अजिबात नवी नाही. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिट्श्का याने मोटर-ग्लायडरला निकेल-कॅडमियम बॅटऱ्या लावून दहा-बारा मिनिटांचं उड्डाण केलं होतं. त्याही आधी, राइट बंधूंच्या विमानाच्या एकोणीस वर्षं अगोदर, 9 ऑगस्ट 1884 ला फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ नावाचं, वायूने भरलेल्या लांबट फुग्याचं हवाई जहाज विजेच्या मोटरवर 8 किलोमीटरची फेरी मारून 23 मिनिटांत निघालं तिथेच परत उतरलं. त्यातली बॅटरी चारशे किलोच्या वर होती. बॅटरी जड आहे ही तक्रार तेव्हापासूनची.

मुंबई–दिल्ली विजेवर कधी?

आजच्या बॅटरीवर नाही, आणि उद्याच्याही नाही. वहीच्या मागच्या पानावर होईल एवढंच गणित आहे.

एक किलो विमानाच्या इंधनात सुमारे 12 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. सेलभोवती पत्रा, वायरिंग, थंड ठेवायची सोय, आग अडवणारा थर आला की अख्ख्या पॅकचा हिशेब किलोला 0.2 युनिटच्या आसपास येतो. हे माझं रोजचं काम आहे, सेलचा आकडा आणि पॅकचा आकडा यांतली तफावत पोटावर मारते.

ए320 जातीचं विमान मुंबई–दिल्लीला ढोबळमानाने 5 टन इंधन जाळतं. म्हणजे 60,000 युनिट. जेट इंजिन त्यातलं एक तृतीयांशाच्या आसपासच कामाला लावतं, बाकी गरम हवा. मोटर नव्वद टक्क्यांच्या घरात काम करते, त्यामुळे बॅटरीत 60,000 नाही, 24,000 युनिट पुरतील. ही सवलत मोठी आहे आणि ती धरलीच पाहिजे. तरीही किलोला 0.2 युनिटने बॅटरी झाली 120 टन. ए320 चं उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन आहे 78 टन, विमान, माणसं, बॅगा आणि इंधन सगळं मिळून.

मग बॅटरी वाढवली की पल्ला वाढेल ना?

हा प्रयोग मी स्वतः केलाय. माझ्या एका मॉडेलचं वजन 900 ग्रॅम. त्यातली तीन सेलची 2200 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 180 ग्रॅम, घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेली. आरामात उडवलं तर 12 मिनिटं. एका रविवारी वाटलं, दोन बॅटऱ्या लावू, 24 मिनिटं मिळतील. मिळाली 17. वजन वाढलं म्हणून थ्रॉटल सतत वर ठेवावं लागलं, आणि उतरताना वेग इतका होता की पुढचं चाक तारेसकट पोटात घुसलं. पेट्रोलचं मॉडेल असतं तर उतरेपर्यंत टाकी रिकामी होऊन हलकं झालं असतं. बॅटरी संपते, पण तिचं वजन एक ग्रॅमनेही कमी होत नाही.

मोठ्या विमानातही हेच. ए320 उतरताना उड्डाणाच्या कमाल वजनापेक्षा दहा-बारा टनांनी हलकं असावं लागतं, चाकं आणि सांगाडा त्याच हिशेबाने बांधलेला असतो. विजेचं विमान चढताना जेवढं जड तेवढंच उतरताना. त्यामुळे चाकांचे पाय भक्कम हवेत, म्हणजे आणखी वजन.

आता आकड्यात सांगतो. समजा विमानाच्या एकूण वजनाच्या 30 टक्के बॅटरी आहे, पॅक किलोला 0.2 युनिटचा आहे, मोटर आणि पंखा मिळून 80 टक्के कार्यक्षम आहेत, आणि विमान इंजिनाविना एक किलोमीटर खाली येताना पंधरा किलोमीटर पुढे सरकतं. मग स्थिर हवेतला पल्ला येतो 264 किलोमीटर. बॅटरी 40 टक्के केली तर 352. पण सांगाडा, पंख, मोटर, आसनं यांनाच साधारण 55 टक्के लागतात. 30 टक्के बॅटरीत माणसांच्या वाट्याला 15 टक्के येतात, 40 टक्के बॅटरीत 5. आठ टनांच्या विमानात हे अनुक्रमे बारा प्रवासी आणि चार प्रवासी. पल्ल्यात 88 किलोमीटर मिळाले आणि आठ तिकिटं गेली.

264 किलोमीटर म्हणजे मुंबई–नाशिक, मुंबई–शिर्डी सहज झालं की!

इथेच सगळे फसतात. वजनाबद्दल सगळे बोलतात, राखीव वेळेबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते विजेच्या विमानाचा खरा वैरी तोच आहे.

विमानाला मुक्कामापुरतं इंधन घेऊन निघता येत नाही. दिवसा, नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या छोट्या विमानालाही मुक्कामी पोचल्यावर अर्धा तास उडता येईल एवढं शिल्लक लागतं. प्रवासी वाहतुकीत ढगांतून, उपकरणांवर उडायचं तर त्याशिवाय पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन हवं.

आता आपले 264 किलोमीटर घ्या. विमान ताशी 220 ने जातं असं धरू. अर्ध्या तासाची शिल्लक म्हणजे 110 किलोमीटर गेले, उरले 154. मुंबईत उतरता आलं नाही तर पुण्याला जाऊ म्हणून सरळ रेषेतले 124 किलोमीटर बाजूला ठेवा. उरले 30. सीएसएमटीहून ठाणं रेल्वेने 34 किलोमीटर आहे. एवढा खटाटोप करून ठाणंसुद्धा गाठायचं नाही!

आणि हे नव्या बॅटरीचं गणित. जुनी होऊन तिची क्षमता 80 टक्क्यांवर आली की वरचे 30 सुद्धा जातात, कारण राखीव वेळ काही जुना होत नाही. जुलैत मुंबईवर पाऊस कोसळत असतो, विमानं रांगेत आकाशात घिरट्या घालतात, कधी अहमदाबादला तर कधी हैदराबादला पाठवली जातात. तिथे बॅटरीचं विमान घेऊन जायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

म्हणून कोणत्याही कंपनीने पल्ला सांगितला की पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: राखीव वेळ धरून की सोडून?

बॅटरी 20 टक्के उरली तरी 20 टक्के ऊर्जा आहेच ना? वापरा की.

ऊर्जा आहे, जोर नाही. सेल रिकामा होत आला की त्याचा व्होल्टेज पडतो, आणि तेवढीच ताकद काढायला जास्त करंट ओढावा लागतो, सेल तापतो, व्होल्टेज आणखी पडतो. स्कूटरवाल्यांनी हे अनुभवलंय: शेवटच्या दोन काड्यांवर गाडी फ्लायओव्हर चढताना रडते. विमानात नेमका शेवटीच जोर लागू शकतो. धावपट्टीवर कुत्रा आला, उतरणं रद्द, पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचं. टाकीत दहा लिटर उरले असले तरी पेट्रोलचं इंजिन पूर्ण ताकद देतं. बॅटरी देत नाही. म्हणून तळातला भाग वापरायचाच नाही असं ठरवावं लागतं.

आग लागली तर?

हा प्रश्न रास्त आहे. जानेवारी 2013 मध्ये बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग 787 मधली लिथियम बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी जपानमध्ये ऑल निप्पॉनच्या 787 ला बॅटरीच्या धुरामुळे ताकामात्सूला तातडीने उतरावं लागलं. जगभरची 787, म्हणजे ड्रीमलायनर विमानं, जमिनीवर बसवली, एअर इंडियाचीही. ती बॅटरी होती 28 किलोच्या आसपास. उपाय काय केला, तर बॅटरी पोलादी पेटीत घातली आणि धूर विमानाबाहेर सोडणारी नळी जोडली. म्हणजे पुन्हा वजन.

नऊ प्रवाशांच्या ‘अ‍ॅलिस’ या विमानातली बॅटरी साडेतीन टनांच्या वर होती. त्या विमानाच्या एका नमुन्याला जानेवारी 2020 मध्ये अ‍ॅरिझोनात जमिनीवरच आग लागली होती. एक सेल बिघडला तरी शेजारचा पेटता कामा नये, हे सिद्ध करणं प्रमाणपत्रातलं सर्वांत किचकट काम असतं. वेलिसमध्ये बॅटऱ्या पाण्याने थंड ठेवतात आणि दोन ठिकाणी वेगळ्या ठेवतात, त्यामागे हेच.

माझ्याकडे एक फुगलेली लिपो गॅलरीत वाळूच्या बादलीत ठेवलीय. बायको तिला ‘तुमचा गुलाबजाम’ म्हणते. पॅक किती का लहान असेना, फुगला की मी त्याच्याशी वाद घालत नाही.

पंखांवर सोलर पॅनेल लावले तर?

लावून झालेत. सोलर इम्पल्स 2 हे विमान मार्च 2015 मध्ये अबू धाबीहून निघालं, मस्कतमार्गे 10 मार्चला अहमदाबादला उतरलं आणि पुढे वाराणसीला गेलं. पंखांचा विस्तार 72 मीटर, जम्बो जेटहून जास्त. 17,248 सौर सेल. वजन 2.3 टन. आणि एवढ्या पसाऱ्यात बसणारा माणूस एक. नागोयाहून हवाईपर्यंत आंद्रे बोर्शबर्ग यांनी सलग जवळजवळ 118 तास एकट्याने ते उडवलं, पण त्यात बॅटऱ्या इतक्या तापल्या की दुरुस्तीसाठी विमान पुढच्या एप्रिलपर्यंत हवाईतच पडून राहिलं. जुलै 2016 मध्ये फेरी पुरी झाली. धाडस म्हणून मला ते अफाट वाटतं. प्रवासी वाहतुकीला त्याचा उपयोग शून्य.

चार्जिंगला किती वेळ?

वेलिससारख्या विमानाला तासभर, आणि ते चालून जातं, कारण तेवढ्यात विद्यार्थ्याला मागच्या उड्डाणातल्या चुका सांगून होतात. मोठ्या विमानाचं दुखणं वेगळं. 800 युनिटची बॅटरी अर्ध्या तासात भरायची तर 1,600 किलोवॅट लागतात. हायवेवरच्या ढाब्याशेजारी 60 किलोवॅटचा कार चार्जर असतो, तसे सव्वीस-सत्तावीस एका विमानाला, एकाच वेळी. जिल्ह्याच्या विमानतळाला त्यासाठी स्वतंत्र सबस्टेशनच उभारावं लागेल.

मग हे कोणाच्या कामाचं आहे?

विमान शिकवणाऱ्यांच्या. मनापासून सांगतो, इथे विजेचं विमान आजच व्यवहार्य आहे.

शिकाऊ पायलटची सुरुवातीची उड्डाणं कशी असतात? उडायचं, डावीकडे वळत धावपट्टीभोवती चौकोन मारायचा, उतरायचं, पुन्हा उडायचं. धावपट्टी कायम डोळ्यांसमोर. पल्ला लागत नाही, पर्यायी विमानतळ लागत नाही. खर्च बघा: वेलिसला तासाला वीस-पंचवीस युनिट, म्हणजे व्यापारी दरानेही दोन-तीनशे रुपयांची वीज. चार आसनी सेस्ना 172 तासाला तीस-पस्तीस लिटर अ‍ॅवगॅस पिते. अ‍ॅवगॅस म्हणजे छोट्या विमानांचं खास पेट्रोल. 2022 मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात करेपर्यंत आपण ते आयातच करत होतो. शिवाय त्यात अजूनही शिसं असतं, जे मोटारींच्या पेट्रोलमधून केव्हाच हद्दपार झालं. आणि आवाज! बारामती, धुळे, गोंदिया इथे प्रशिक्षणाच्या धावपट्टीजवळ राहणाऱ्यांना विचारा.

पण विजेचे दोनशे रुपये बघून हुरळू नका, खरा खर्च बॅटरी बदलण्याचा. दिवसाला पाच वेळा चार्ज, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पंधराशे चार्ज एका वर्षात. तुमची स्कूटर पाच वर्षांत तेवढी चार्ज होत नाही.

दुसरी जागा म्हणजे बेटं आणि खाड्या, जिथे अंतर कमी आणि रस्ता लांबचा. स्कॉटलंडच्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या बेटांमधलं नियमित विमान दोन मिनिटांच्या आत पोचतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या हार्बर एअरने डिसेंबर 2019 मध्ये जुन्या बीव्हर सीप्लेनला विजेची मोटर बसवून उडवलं, 2022 मध्ये 72 किलोमीटर 24 मिनिटांत पार केले. तरी तिकीट काढून बसण्यापर्यंत काम गेलेलं नाही, कारण बॅटरी ठेवल्यावर माणसांना जागा राहिली पाहिजे. नॉर्वेने 2040 पर्यंत देशांतर्गत छोटी उड्डाणं विजेवर आणायचं ध्येय ठेवलंय; तिथे फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांच्या, काठाने आखूड धावपट्ट्या जवळजवळ आहेत, म्हणून राखीव वेळेचं भूत तिथे थोडं लहान होतं.

आपली वीज तर कोळशाची. मग फायदा काय?

फायदा कमी होतो, जात नाही. भारतातली वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. तासाला 25 युनिट धरले तर साडेसतरा किलो. तसंच दोन आसनी पेट्रोलचं विमान तासाला 15 लिटर जाळतं, लिटरला 2.3 किलोने साडेचौतीस. म्हणजे निम्मं. सेस्नाशी तुलना करून मला चार-साडेचारपट फायदा दाखवता आला असता, पण चार आसनीची दोन आसनीशी तुलना करणं लबाडी आहे.

एअर टॅक्सी? अंधेरीहून बीकेसी सात मिनिटांत वगैरे?

सरळ वर उठणाऱ्या यंत्राला पंखांचा आधार नसतो, सगळं वजन मोटरने हवेत धरायचं. त्या एक-दोन मिनिटांत बॅटरीचा जीव जातो. छोट्या छोट्या पंख्यांवर उठायचं तर आणखी जास्त ताकद लागते. जर्मनीच्या लिलियमचं यंत्र तसंच होतं. लिलियम 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेण्याची घोषणा करणारी व्होलोकॉप्टर तिथे प्रवासी न नेताच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच वाटेने गेली. भारतात आयआयटी मद्रासमधून निघालेली ई-प्लेन आणि बंगळुरूची सरला एव्हिएशन अशा यंत्रांवर काम करताहेत. सरला हे नाव भारताच्या पहिल्या महिला वैमानिकांपैकी एक, सरला ठकराल यांच्यावरून. हुशार मुलं आहेत. पण बीकेसीत उतरल्यावर पुढे रिक्षा मिळेल का, हा प्रश्न राहतोच.

हायब्रिड किंवा हायड्रोजन?

थोड्या मोठ्या विमानांना हायब्रिडच जमेल असं माझं मत आहे. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हार्ट एरोस्पेसने आधी 19 आसनी पूर्ण विजेचं विमान जाहीर केलं होतं. 2022 मध्ये ते बदलून 30 आसनी केलं: 200 किलोमीटर निव्वळ बॅटरीवर, पुढे इंधनाचा जनरेटर. यातली खुबी ही की जनरेटर बहुतेक वेळा चालवावाच लागत नाही, तो राखीव वेळ सांभाळायला असतो. रोजचं उड्डाण विजेवर, पर्यायी विमानतळ इंधनावर. सगळ्यांत समजूतदार रचना मला हीच वाटते.

हायड्रोजनमध्ये झिरोएव्हियाने जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडात डॉर्नियर 228 चं एक इंजिन काढून तिथे हायड्रोजन-विजेची मोटर लावून दहा मिनिटं उड्डाण केलं. डॉर्नियर 228 आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते, म्हणून ती बातमी मी कात्रण काढून ठेवलीय. पण हायड्रोजनची टाकी अवजड, आणि एअरबसनेही आपलं हायड्रोजन विमान 2025 मध्ये पुढे ढकललं.

भारतात सरकारी पातळीवर काही?

बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं ‘हंसा’ हे दोन आसनी शिकाऊ विमान जुनं आहे. त्याची विजेवरची आवृत्ती, ई-हंसा, मे 2025 मध्ये केंद्राने जाहीर केली. किंमत दोन कोटी रुपयांच्या आसपास सांगितली आहे. सुरुवात शिकाऊ विमानापासून केली हे बरं केलं.

माझ्या मुलीला पायलट व्हायचंय. ती पूर्ण विजेच्या विमानावर शिकू शकेल का?

सुरुवात करू शकेल, शेवट नाही. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, आणि त्यात एक लांबचं उड्डाण एकटीने करावं लागतं: किमान 300 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 555 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्या दिवशी तिला पेट्रोलचंच विमान घ्यावं लागेल.